इंग्रजी कुटुंबजीवनातील वार्ता आणि विहार : रोजनिशा व पत्रे यांच्या आधारे एक विचार

इंग्लंडच्या सामाजिक इतिहासाची साधने विपुल आहेत. तथापि त्यांतील एका प्रकाराकडे राजकीय इतिहास लिहिणाऱ्यांनी दीर्घकाळ उपेक्षेनेच पाहिले. मावशीला ताप आला, धाकट्या भावाला मुलगी झाली, गुरुवारी शेजारची मंडळी जेवावयास आली, रविवारी सर्वजण टेकडीवर जाऊन आले, परतताना पावसाने गाठले. अशा नोंदींनी सतराव्या शतकापासूनच्या इंग्रजी रोजनिशा आणि खाजगी पत्रे भरलेली आहेत. तह, लढाया व पार्लमेंटातील वादविवाद यांच्या शोधात असलेला अभ्यासक ही पाने भराभर उलटतो. या नोंदी क्षुल्लक आहेत हे त्याचे मत वरवर पाहता खोटेही म्हणता येत नाही. कारण लिहिणाऱ्यांपैकी पुष्कळांना त्या तशाच वाटत होत्या.

परंतु नोंद क्षुल्लक असली, तरी ती शक्य होण्यासाठी जी व्यवस्था लागते ती क्षुल्लक नसते. बातमी पोहोचावयाची तर टपालाचे पैसे कोणी तरी भरावे लागतात. सहलीस जावयाचे तर रस्ता, वाहन आणि रिकामा वेळ लागतो. आणि या सर्वांखेरीज घराबाहेर पडण्याची मुभा लागते. म्हणून अशी प्रत्येक नोंद वाचताना दोन प्रश्न विचारले पाहिजेत : खर्च कोणी केला आणि मुभा कोणी दिली? यांपैकी पहिल्या प्रश्नाचे स्वरूप एकोणिसाव्या शतकात अवघ्या दहा-वीस वर्षांत पालटले. दुसऱ्याचे स्वरूप पालटण्यास त्याहून पुष्कळ अधिक काळ लागला. या दोन गतींमधील अंतर हाच प्रस्तुत विवेचनाचा विषय होय.

१

नौदलाच्या कार्यालयातील अधिकारी सॅम्युएल पीप्स याने इ. स. १६६० ते १६६९ या काळात लिहिलेली रोजनिशी सर्वश्रुत आहे. लंडनची प्लेग व लंडनची आग यांविषयीच्या नोंदींसाठी ती विशेष वाचली जाते. पण तिच्यात नाटकगृहे, नदीकाठची उद्याने, नातलगांकडील जेवणावळी आणि सुटीच्या दिवशी केलेली भ्रमंती यांना जागा कमी नाही. १४ जुलै १६६७ रोजी, रविवारी, तो पत्नी व स्नेही मंडळी यांसह गाडी करून एप्समला गेला. तेथील माळावर एक वृद्ध मेंढपाळ आपल्या लहान मुलाकडून बायबल वाचून घेत होता. ते दृश्य, त्या मेंढपाळाचे लोकरी मोजे व लोखंडी नाल मारलेले जोडे यांचे पीप्सने मोठ्या आवडीने वर्णन केले आहे. शहरी मनुष्याने एका दिवसापुरते गावाबाहेर जावे, खेड्यातील जीवन कौतुकाने न्याहाळावे आणि रात्री घरी परतावे, हा इंग्रजी सहलीचा पुढे रूढ झालेला नमुना येथे जवळजवळ संपूर्ण दिसतो.

त्याच रोजनिशीत चार वर्षे आधी, ९ जानेवारी १६६३ रोजी, दुसरी एक नोंद आहे. पीप्सची पत्नी एलिझाबेथ हिने आपले आयुष्य किती एकाकी आणि कंटाळवाणे आहे याविषयी कागदावर काही लिहून ठेवले होते. ते तिने पतीस वाचून दाखविले. मजकूर साध्या इंग्रजीत होता आणि पीप्सच्याच म्हणण्याप्रमाणे त्यातील बरेचसे खरे होते. तो कोणाच्या हाती पडला तर काय होईल, या विचाराने तो संतापला. त्याने तिच्याकडील कागदांचे बाड हिसकावून घेतले आणि तिच्या डोळ्यांदेखत ते कागद फाडले. स्वतःची रोजनिशी मात्र तो लघुलिपीत लिहीत होता. ती केंब्रिजच्या मॉडलिन महाविद्यालयात सुरक्षित राहिली आणि १८२५ मध्ये प्रथम छापली गेली. पतीच्या सहली आज दिवसवार सांगता येतात. घरात अडकून पडलेल्या पत्नीचे गाऱ्हाणे केवळ ते फाडणाऱ्याच्या नोंदीतून कळते. साधनांच्या या असमानतेचा विसर पडू देता कामा नये.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील जेम्स वुडफर्ड (१७४०-१८०३) याची रोजनिशी या दृष्टीने आणखी बोलकी आहे. हा अविवाहित पाद्री मूळचा सॉमरसेटचा; १७७६ पासून तो नॉरफोकमधील वेस्टन लाँगव्हिल या खेड्यात राहू लागला. जॉन बेरेसफर्ड याने संपादित केलेले तिचे पाच खंड १९२४ ते १९३१ या काळात प्रसिद्ध झाले. जेवणातील पदार्थ, पत्त्यांच्या डावात जिंकलेले वा गमावलेले पेनी, नोकरांचे वेतन, हवामान आणि आल्यागेल्याची नावे हा तिचा नित्याचा मजकूर आहे. परिसरातील पाद्री आळीपाळीने एकमेकांकडे जेवावयास जमत. गावच्या जमीनदार कुटुंबाशी जाणेयेणे असे. नॉरफोक व सॉमरसेट ही इंग्लंडची दोन टोके असल्यामुळे बहिणीस व इतर आप्तांस भेटावयाचे तर लंडनमार्गे अनेक दिवसांचा प्रवास करावा लागे, आणि तो काही वर्षांतून एकदाच घडे. मधल्या काळात नाते टिकविण्याचे काम पत्रे करीत.

या घरात १७७९ पासून वुडफर्डची पुतणी नॅन्सी राहत होती. काकाच्या रोजनिशीत ती पाहुण्यांत वावरणारी, नव्या कापडाने हरखणारी आणि मधूनमधून आजारी पडणारी अशी दिसते. पण एका नोंदीत ती वेस्टन येथील जीवन उदास आहे, येथे कोणी येत नाही आणि कोणाकडे जाणे होत नाही, अशी तक्रार करते. आणि त्यामुळे आपण अस्वस्थ झालो असे काका लिहितो. गाडीघोडे, आमंत्रणे व खर्च यांचा निर्णय त्याच्या हाती होता. काकाच्या लेखी जो शांत, समृद्ध दिनक्रम होता तोच पुतणीच्या लेखी कोंडमारा होता. एकाच घरातील एकाच दिवसाच्या या दोन बाजू आहेत.

२

इ. स. १८४० पूर्वीच्या कौटुंबिक पत्राचे स्वरूप समजण्यासाठी टपालहशिलाचे नियम ध्यानात घेणे अवश्य आहे. हशील अंतरावर व कागदांच्या संख्येवर आकारले जाई आणि सामान्यतः ते पत्र घेणाऱ्यास भरावे लागे. पाकीट वापरल्यास तो दुसरा कागद धरला जाई. म्हणून एकच मोठा कागद घेऊन तो घडी घालून मोहोरबंद करीत व त्याच्याच बाहेरील भागावर पत्ता लिहीत. जागा संपली म्हणजे कागद आडवा धरून आधीच्या ओळींवरून काटकोनात पुन्हा लिहीत. पार्लमेंटच्या सभासदांस हशील माफ असे. त्यांच्या सहीने पत्र पाठवावयास मिळावे म्हणून ओळखीपाळखीची खटपट चाले. जॉन पामर याच्या योजनेनुसार २ ऑगस्ट १७८४ रोजी ब्रिस्टलहून लंडनकडे पहिली टपालगाडी धावली आणि वेग वाढला. पण स्वस्ताई आली नाही. अशा स्थितीत पत्र रिकाम्या हातांनी पाठविणे ही पत्र घेणाऱ्याची फसवणूक ठरे. त्याने पैसे मोजले म्हणून त्याला भरपूर बातमी मिळालीच पाहिजे, हा संकेत होता. इंग्रजी कौटुंबिक पत्रातील बारीकसारीक तपशिलाची दाटी केवळ स्वभावातून आलेली नाही. तिच्यामागे हा हिशेबही आहे.

जेन ऑस्टिन (१७७५-१८१७) हिने बहीण कॅसांड्रा हिला लिहिलेली पत्रे या प्रकारचा उत्तम नमुना होत. उपलब्ध पत्रांपैकी पहिले जानेवारी १७९६ मधील असून त्यात एका नृत्यसभेचा वृत्तांत आहे. कोण कोणाबरोबर किती वेळा नाचले, कोणाचा पोशाख कसा होता, कोणास सर्दी झाली, कापडाचा भाव काय पडला, हे सर्व एका कागदात बसविले जाई. नृत्यसभा बहुधा पौर्णिमेच्या सुमारास ठेवीत, कारण खेड्यांतील रस्ते अंधारे असत आणि चांदण्यावाचून गाड्या परत नेणे धोक्याचे असे. विहाराचे पंचांग अशा रीतीने चंद्राच्या कलांवर चाले.

मुभेचा प्रश्नही या पत्रांत स्पष्ट दिसतो. सप्टेंबर १७९६ मध्ये जेन केंट परगण्यात भावाकडे पाहुणी होती. परत घरी जाण्याची वेळ आली तेव्हा कोणता भाऊ, केव्हा, कोठपर्यंत सोबत करील यावर तिचे निघणे अवलंबून होते; कुलीन घरातील अविवाहित स्त्रीने भाड्याच्या गाडीतून एकटीने प्रवास करणे प्रशस्त मानले जात नसे. भावांना आपापल्या इच्छेनुसार बेत बदलता येत. बहिणीला बदललेल्या बेतांची वाट पाहत बसावे लागे. पत्रांतील विनोद या वाट पाहण्यातून निर्माण झालेला आहे हे लक्षात घेतले, म्हणजे त्याची धार अधिक कळते. १८१५ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या ‘एमा’ या कादंबरीतील बॉक्स हिल येथील सहल विख्यात आहे. अशी बाहेर जाण्याची संधी क्वचित येई आणि तिच्याकडून फार मोठ्या अपेक्षा केल्या जात. म्हणूनच तिच्यात उच्चारलेला एक बोचरा शब्द साऱ्या गावाच्या संबंधांवर ओरखडा काढू शकतो.

३

१८३७ मध्ये रोलंड हिल याने टपालसुधारणेविषयी पत्रक प्रसिद्ध केले. पत्र पोहोचविण्याच्या खर्चात अंतराचा वाटा नगण्य असतो, खरा खर्च हिशेब ठेवण्याचा व हशील वसूल करण्याचा असतो, असे त्याने दाखविले. १० जानेवारी १८४० पासून अर्ध्या औंसापर्यंतच्या पत्रास देशात कोठेही एक पेनी हा दर सुरू झाला. ६ मेपासून चिकटविण्याचे तिकीट वापरात आले. सभासदांची हशीलमाफी बंद झाली. १८३९ मध्ये सुमारे ७ कोटी ६० लाख पत्रे गेली होती, ती १८४० मध्ये सुमारे १६ कोटी ९० लाखांवर गेली. मात्र १८४१ च्या सुमारास इंग्लंड व वेल्समध्ये विवाहनोंदीत स्वतः सही करणाऱ्या वरांचे प्रमाण शेकडा ६७ आणि वधूंचे शेकडा ५१ होते. टपाल स्वस्त झाले तरी लिहिता न येणाऱ्यास दुसऱ्याकडून लिहून घ्यावे लागे, आणि घरची गुप्त वार्ता मग गुप्त राहत नसे.

हिलला या कामी साहाय्य करणाऱ्या हेन्री कोल याने १८४३ मध्ये नाताळसाठी छापील शुभेच्छापत्र काढले. जॉन कॅलकॉट हॉर्सली याने काढलेल्या त्या चित्रात मध्यभागी एक कुटुंब टेबलाभोवती बसून मद्याचे पेले उंचावीत आहे आणि बाजूंना गरिबांस अन्नवस्त्र दिले जात आहे. वर्षभराची ख्यालीखुशाली एका कागदावर कोंबण्याची गरज उरली नव्हती. नाते अद्याप आहे, एवढे कळविणेही पुरेसे होऊ लागले.

याच सुमारास प्रवास स्वस्त झाला. ५ जुलै १८४१ रोजी टॉमस कुक याने मद्यपानबंदीच्या सुमारे ५०० पुरस्कर्त्यांना एका शिलिंगात आगगाडीने लेस्टरहून लफबरोला नेऊन आणले. १८४४ च्या कायद्याने आगगाडी कंपन्यांना तिसऱ्या वर्गाची, मैलास एक पेनी दराची, रोज निदान एक गाडी चालविणे भाग पडले. १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनास सुमारे ६० लाख भेटी झाल्या. शिलिंगाच्या तिकिटांच्या दिवशी कारागीर व शेतमजूर सहकुटुंब तेथे आले. विल्यम फ्रिथ याने १८५४ मध्ये प्रदर्शित केलेले रॅम्सगेटच्या वाळवंटाचे चित्र राणी व्हिक्टोरियाने विकत घेतले. छत्र्या, वर्तमानपत्रे, पाण्याला भिणारी मुले यांनी भरलेली समुद्रकाठची गर्दी आता चित्रकलेचा विषय बनली होती.

जेथे अंतर महागच राहिले तेथे जुने दीर्घ पत्रही टिकून राहिले, याचे प्रत्यंतर मुंबई इलाख्यातील इंग्रजांच्या पत्रव्यवहारात मिळते. केप मार्गे पत्रास अनेक महिने लागत. मार्च १८३० मध्ये ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट मुंबईहून सुएझकडे निघाली व तांबड्या समुद्राचा मार्ग खुला झाला. १८६९ मध्ये सुएझचा कालवा आणि १८७० मध्ये समुद्राखालील तार आली. तरीही तार अत्यंत महाग असल्याने ती निकडीच्या वार्तेसाठीच वापरली जाई. बाकीचे सर्व विलायतेच्या टपालाच्या दिवसासाठी साचवून ठेवीत. मुंबईच्या गव्हर्नराची पत्नी लेडी फॉकलंड हिच्या १८५७ मधील पुस्तकात महाबळेश्वरच्या मुक्कामांचे जे वर्णन आहे ते याच वृत्तीचे. तेथील थंड हवेतील विहार ज्यांच्या खांद्यांवरून घाट चढून जाई त्या भोयांच्या घरची वार्ता मात्र कोणत्याही टपालात नव्हती.

४

हाच प्रश्न इंग्लंडमधील घरांतही उपस्थित होतो. १८५१ च्या जनगणनेत शेतीच्या खालोखाल घरकामाचा व्यवसाय होता. त्यात दहा लाखांहून अधिक माणसे होती आणि त्यांत स्त्रियांचे प्राबल्य होते. मालकीण दुपारी गाडीतून भेटीस जाई तेव्हा तिचे जोडे पुसणारी, चूल पेटविणारी आणि परतल्यावर चहा आणणारी मोलकरीण घरीच असे. तिच्या सुटीचे दिवस व तास मालकाच्या मर्जीवर ठरत, आणि तिला भेटावयास पुरुष येण्यास अनेक घरांत मज्जाव असे. पश्चिमेकडील परगण्यांत उपवासकाळातील चौथ्या रविवारी नोकर व उमेदवार कारागीर यांना आईच्या भेटीस जाऊ देण्याची रीत होती. वर्षातून एकदा आईला भेटणे ही सवलत मानली जावी, यातच त्या व्यवस्थेचे स्वरूप प्रकट होते.

मोलकरणीच्या स्वतःच्या हातची नोंद दुर्मिळ आहे. श्रॉपशरमध्ये १८३३ साली जन्मलेल्या हॅना कलविक हिने १८५४ पासून जवळजवळ वीस वर्षे रोजनिशी लिहिली, ती आर्थर मन्बी या सुशिक्षित गृहस्थाच्या आग्रहावरून. त्याच्याशी तिचा दीर्घ गुप्त स्नेह होता आणि १८७३ मध्ये गुप्तपणेच विवाह झाला. तिच्या पानांवर घासलेल्या पायऱ्या, पुसलेले जोडे आणि ओढलेला कोळसा यांची गणती आहे. बाहेर जाण्याची संधी त्या कामांच्या फटीतून येते. हे कागद केंब्रिजच्या ट्रिनिटी महाविद्यालयात १९५० पर्यंत मोहोरबंद होते आणि रोजनिशीचे संपादन १९८४ मध्ये प्रसिद्ध झाले. एका पुरुषाच्या विलक्षण कुतूहलामुळे ही साक्ष उरली. त्यावाचून ती लिहिलीही गेली नसती.

रिकामा वेळ हा हक्क म्हणून मिळविण्याचे कार्य कायद्याने हळूहळू केले. १८५० च्या कायद्याने कापडगिरण्यांतील स्त्रिया व तरुण कामगार यांचे काम शनिवारी दुपारी दोनला थांबू लागले. सर जॉन लबक याच्या १८७१ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये बँकांस चार सोमवारी व सणाच्या सुट्या मिळाल्या आणि त्या लवकरच सार्वत्रिक झाल्या. लँकेशरच्या गिरणगावांत वार्षिक जत्रेच्या आठवड्यात गिरण्या बंद राहत. त्या आठवड्याचे वेतन मिळत नसे. म्हणून कामगार वर्षभर भिशीसारख्या मंडळांत थोडे थोडे पैसे टाकीत आणि ब्लॅकपूल गाठीत. तेथेही शेजारी तेच, गल्ली तीच. स्वस्त प्रवासाने कुटुंब विस्कळित केले, हे मत सर्वत्र खरे नाही; येथे त्याने अख्खा मोहल्लाच समुद्रकाठी नेऊन ठेवला. भरपगारी सुटीचा कायदा मात्र १९३८ पर्यंत झाला नाही, आणि घरकाम करणाऱ्या स्त्रीस तो दूरचाच होता. कारण भाड्याच्या खोलीतही पुष्कळदा बाजारहाट तिलाच करावा लागे.

५

ऑक्टोबर १८७० मध्ये अर्ध्या पेनीचे पोस्टकार्ड आले, १८९४ मध्ये खाजगी चित्रकार्डांस परवानगी मिळाली आणि १९०२ पासून पाठीमागे पत्त्याशेजारी मजकूर लिहिता येऊ लागला. वार्ता आणि विहार येथे एकाच तुकड्यावर एकत्र आले : एका बाजूस समुद्राचे चित्र, दुसऱ्या बाजूस ‘सुखरूप पोहोचलो’ एवढी ओळ. ती ओळ पोस्टमनपासून घरमालकिणीपर्यंत कोणीही वाचू शके. याच दशकांत दोन सारख्या चाकांची सुरक्षित सायकल व हवा भरलेली धाव यांमुळे मध्यमवर्गीय मुलींना भावाच्या सोयीची वाट न पाहता बाहेर पडता येऊ लागले. एका यंत्राने जे साधले ते जेन ऑस्टिनच्या पिढीस अकल्पनीय होते.

१९३७ मध्ये टॉम हॅरिसन, चार्ल्स मॅज व हंफ्री जेनिंग्ज यांनी ‘मास ऑब्झर्वेशन’ ही संस्था स्थापून सामान्य जनांना आपल्या दैनंदिन जीवनाची नोंद ठेवण्यास सांगितले. आजवर जे क्षुल्लक म्हणून टाकले गेले ते प्रथमच मुद्दाम गोळा केले गेले. बॅरो-इन-फर्नेस या जहाजबांधणीच्या गावातील गृहिणी नेला लास्ट हिने १९३९ पासून १९६६ पर्यंत या संस्थेसाठी रोजनिशी लिहिली. मुलाची पत्रे, शिधा, शेजारणींचे बोलणे, पतीबरोबर मोटारीतून कॉनिस्टनच्या तळ्यापर्यंत मारलेली चक्कर हे तिचे विषय. पूर्वी बाहेर जाणे न जाणे पतीच्या मनःस्थितीवर ठरत असे. युद्धकाळातील स्वयंसेवी कामाने तिला घराबाहेर पडण्याचे स्वतंत्र कारण दिले आणि आपण इतकी वर्षे किती दबून वागलो याची जाणीव तिने लिहून ठेवली. एलिझाबेथ पीप्सच्या फाटलेल्या कागदात जे होते त्याच्याशी याचे नाते उघड आहे. फरक इतकाच की, हे कागद फाडले गेले नाहीत. ते ससेक्स विद्यापीठाच्या संग्रहात पोहोचले.

६

या साधनांचा उपयोग करताना जे नष्ट झाले त्याचाही हिशेब ठेवावा लागतो. कॅसांड्रा ऑस्टिन हिने १८४५ मधील आपल्या मृत्यूपूर्वी बहिणीची बहुतेक पत्रे जाळली व काहींतील भाग कापून टाकले. राणी व्हिक्टोरियाची रोजनिशी तिची कन्या बिअॅट्रिस हिने निवडून उतरविली आणि मूळ वह्या जाळल्या. पीप्सने राग आला म्हणून फाडले, या दोघींनी ममतेपोटी जाळले, परिणाम सारखाच. शिल्लक राहिलेल्या पत्रांत आजार, हवा व भेटीगाठी यांचेच प्राबल्य आढळते याचे एक कारण हे असू शकते की, निरुपद्रवी मजकूर तेवढा राखला गेला. अशा स्थितीत ‘इंग्रज कुटुंबे केवळ हवापाण्याविषयी लिहीत’ असा निष्कर्ष काढणे म्हणजे राखणाऱ्याची निवड ही लिहिणाऱ्याची वृत्ती समजणे होय.

तात्पर्य, पेनीच्या टपालाने व आगगाडीने अंतराची किंमत उतरविली ही घटना १८४० नंतरच्या थोड्या वर्षांत घडली आणि तिची आकडेवारी उपलब्ध आहे. बाहेर पडण्याच्या मुभेचा इतिहास मात्र १६६३ मधील एका फाटलेल्या कागदापासून विसाव्या शतकातील एका गृहिणीच्या वहीपर्यंत पसरलेला आहे आणि त्यास आकडे नाहीत. तो अशाच क्षुल्लक नोंदींतून वेचावा लागतो. ‘आज सर्वजण सहलीस गेले’ हे वाक्य जुन्या रोजनिशीत आले म्हणजे त्या ‘सर्वां’त कोण नव्हते, हे विचारणे अभ्यासकाचे पहिले कर्तव्य ठरते.